कंडक्टरशिवाय चेंबर ऑर्केस्ट्रा कसा चालतो? सेंट पॉलच्या निमित्ताने काही प्रश्न

चौथी_तार:

नमस्कार मंडळी.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याची राजधानी सेंट पॉल. तिथला सेंट पॉल चेंबर ऑर्केस्ट्रा (म्हणजे छोटा वाद्यवृंद, पुढे एसपीसीओ म्हणते) अनेक कार्यक्रम कंडक्टरशिवाय, म्हणजे समोर उभं राहून हाताने लय देणारा माणूस नसताना करतो आणि त्यांच्या संकेतस्थळावर पूर्ण मैफली फुकट ऐकता-बघता येतात. पुण्यात आमचा १४ तंतुवादकांचा गट आहे: ४ पहिली व्हायोलिन, ४ दुसरी, ३ व्हायोला, २ चेलो, १ डबल बास. आम्हालाही कंडक्टरशिवायच वाजवायचं आहे, म्हणून या मैफली बारकाईने बघतोय. प्रश्न असे:

१. एवढ्या छोट्या शहरात पगारी, कायमस्वरूपी चेंबर ऑर्केस्ट्रा टिकला कसा? त्याचा आर्थिक डोलारा कशावर उभा आहे?
२. समोर कुणी नसताना २५-३० माणसं एकत्र सुरू कशी होतात, एकत्र थांबतात कशी? नेमकं कोण काय करतं?
३. वादकांची संख्या कशी ठरते? मोठ्या ऑर्केस्ट्रातली निम्मी माणसं कमी केली की चेंबर ऑर्केस्ट्रा होतो का?
४. आमच्यासारख्यांनी यातलं काय उचलावं आणि काय उचलू नये?

‘एकमेकांकडे बघून वाजवा’ एवढं आम्हालाही कळतं. त्यापुढचं हवंय. बारीकसारीक तपशील चालतील, उलट तेच हवेत.

---

ट्विनसिटीकर:

पहिल्या प्रश्नाचा इतिहासाचा भाग आधी सांगतो, पैशांचं नंतर लिहितो.

सेंट पॉल आणि मिनीॲपोलिस ही मिसिसिपीकाठची जुळी शहरं. मिनीॲपोलिसमध्ये १९०३ पासून मोठा सिंफनी ऑर्केस्ट्रा होता, १९६८ पासून तो मिनेसोटा ऑर्केस्ट्रा म्हणून ओळखला जातो. १५-२० मिनिटांच्या अंतरावर शंभरेक वादकांची संस्था असताना १९५९ मध्ये सेंट पॉलने तशीच दुसरी काढली असती, तर ती कायम दुय्यम राहिली असती. छोटा वाद्यवृंद ठेवल्यामुळे त्यांना स्वतःचं संगीत मिळालं: बाख, हायडन, मोझार्ट, विसाव्या शतकातल्या छोट्या संचासाठीच्या रचना आणि नव्याने लिहून घेतलेलं बरंच काही. माझ्या मते संस्था टिकण्याचं पहिलं कारण हेच.

पहिले संगीत दिग्दर्शक लिओपोल्ड साइप. १९७२ ते १९८० डेनिस रसेल डेव्हिस होते, त्यांनी समकालीन संगीतावर भर दिला. अमेरिकन संगीतकार कोपलंडच्या ‘ॲपलाचियन स्प्रिंग’चं मूळ १३ वाद्यांचं रूप त्यांनी मिनीॲपोलिसच्या साउंड ८० स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलं, ते याच काळातलं. मुद्रण थेट तबकडीवर चालू होतं. म्हणजे तबकडीची एक बाजू एका दमात वाजवायची, मध्ये काही चुकलं की बाजू पहिल्यापासून. शेजारी ३एम कंपनीचं डिजिटल यंत्र जोडीला चालू ठेवलेलं होतं आणि बाजारात आलं ते त्या यंत्रावरचं मुद्रण. त्याला ग्रॅमी मिळालं.

१९८० ते ८७ पिंकस झुकरमन. त्यांनी वादक वाढवले, शहराबाहेर नाव झालं, आणि १९८५ मध्ये ऑर्डवे हे नवं सभागृह मिळालं. १९८८ पासून ख्रिस्तोफर हॉगवूड, ह्यू वुल्फ आणि संगीतकार जॉन ॲडम्स अशी तिघांत विभागलेली रचना करून पाहिली. पुढे बराच काळ वुल्फ एकटेच होते, मग २००१ ते २००४ आंद्रेआस डेल्फ्स.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं वळण २००४ चं. त्या वर्षी संगीत दिग्दर्शक हे पदच बंद केलं. त्याऐवजी ‘आर्टिस्टिक पार्टनर’ नेमले. हे लोक वर्षातले काही आठवडे येतात, कुणी व्हायोलिन वाजवत सूत्रं सांभाळतो, कुणी पियानोवरून, कुणी हार्प्सिकॉर्डवरून. जोशुआ बेल, गायिका डॉन अपशॉ, पॅट्रिशिया कोपाचिन्स्काया, पेक्का कूसिस्टो, क्लॅरिनेटवादक मार्टिन फ्रॉस्ट अशी नावं आजवर त्यात होती. उरलेल्या आठवड्यांत ऑर्केस्ट्रा स्वतःच स्वतःला चालवतो. कार्यक्रम आखणं आणि वादक निवडणं यात वादकांच्या समित्यांना खरा अधिकार आहे. पुढे क्यू-यंग किम हे व्हायोलिन विभागातले वादकच संस्थेचे कला संचालक झाले.

म्हणजे कंडक्टर नसणं ही त्यांच्याकडे संस्थेची घडण आहे. घडण बदलली नाही आणि फक्त व्यासपीठावरचा माणूस काढला तर काय होतं ते पुढचे लोक सांगतीलच.

---

उठाव:

प्रश्न २ वर लिहितो. थोडं लांबेल.

पहिला गैरसमज असा की कॉन्सर्टमास्टर (पहिल्या व्हायोलिनचा प्रमुख) मान हलवतो आणि बाकीचे त्याच्या मागे जातात. सुरुवात आणि शेवट यापुरतं ते बरोबर आहे. मधल्या संगीतात लय ज्याच्या हातात सगळ्यात लहान, सतत चालणारे स्वर असतात त्याची. मोझार्टची ४० वी सिंफनी घ्या. ती सुरू होते व्हायोलांच्या आठव्या स्वरांनी (आठवा स्वर म्हणजे चतुर्थांश स्वराच्या निम्मा). व्हायोला दोन गटांत विभागलेले आहेत आणि व्हायोलिनची धून नंतर येते. कॉन्सर्टमास्टरने श्वासाने इशारा दिला तरी लय ठरते व्हायोलांच्या पहिल्या चार स्वरांत. ते डळमळले तर कॉन्सर्टमास्टरला काही करता येत नाही. म्हणून तालमीआधीच स्कोर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र लिहिलेली प्रत) घेऊन प्रत्येक प्रसंगाचा ‘लयीचा मालक’ ठरवायचा आणि सगळ्यांच्या पार्टमध्ये (प्रत्येकाच्या स्वतःच्या ओळीच्या प्रतीत) पेन्सिलीने लिहायचा: ‘इथे व्हायोला’, ‘इथे बासून (हे फुंकवाद्य)’, ‘इथे दुसरी व्हायोलिन’. हे काम झालं नसेल तर अख्खी तालीम भांडणात जाते.

सुरुवात. इशारा देणाऱ्याने एक पूर्ण मात्रा आधी श्वास घ्यायचा आणि तो श्वास, गज उचलणं आणि गज तारेवर येणं हे सगळं पुढे वाजणाऱ्या लयीतच व्हायचं. नेहमीची चूक म्हणजे इशारा सावकाश आणि संगीत जलद. मग निम्मे लोक इशाऱ्याच्या लयीत शिरतात, निम्मे डोक्यातल्या. यावर उपाय: इशारा देण्याआधी त्या तुकड्यातली सगळ्यात जलद ओळ दोन मापं (तालाची दोन आवर्तनं) मनात म्हणायची आणि मगच श्वास.

पिझिकाटो, म्हणजे तार बोटाने छेडणं. यात गज हलत नाही, त्यामुळे मागच्यांना काहीच दिसत नाही. प्रमुख वादकाने बोट तारेकडे नेण्याची हालचाल मुद्दाम मोठी आणि मात्रेत करायची. पिझिकाटोचे एकेकटे सूर फाटतात ते बहुतेक वेळा प्रमुखाचा हात वाद्याच्या आड राहतो म्हणून.

फर्माटा, म्हणजे थांबलेला सूर. दोन गोष्टी ठरवून टाका: सूर कोण सोडणार, आणि सोडल्यावरची शांतता किती मात्रांची. ‘संगीत सांगेल तसं’ हे ठरवणं नव्हे.

लय संथ होत जाते तिथे मात्रेचे दोन किंवा तीन भाग करून मनात मोजायचे, आणि ते भाग कुणाच्या वाद्यावर प्रत्यक्ष वाजतात ते शोधायचं. त्याच्याकडे कान.

अंतर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. १२ मीटर अंतरावरचा आवाज सुमारे ३५ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. चतुर्थांश स्वर मिनिटाला १४० या लयीत सोळावा स्वर (चतुर्थांश स्वराचा चौथा भाग) १०७ मिलिसेकंदांचा, म्हणजे तुम्ही त्याच्या एक तृतीयांश मागे पडता. मागच्या रांगेतल्याने कानावर विसंबून वाजवलं की सभागृहात ते हमखास मागे ऐकू येतं. लांबच्यांनी डोळ्यांनी वाजवायचं, कानांनी फक्त सूर जुळवायचा. याच कारणाने चेंबर ऑर्केस्ट्रा जितका जवळ बसवता येईल तितका बसवतात, आणि बऱ्याच ठिकाणी व्हायोलिन-व्हायोलावाले उभ्याने वाजवतात: शरीर मोकळं हलतं आणि मागच्यांना प्रमुखाचा गज दिसतो. चेलोवाले बसलेलेच असल्याने मग खालच्या पातळीवर राहतात, म्हणून त्यांना १५-२० सेंमी उंचीचा चौथरा देतात. तो भरीव हवा. पोकळ फळ्यांचा चौथरा चेलोच्या टोकदार पायातून कंप घेतो आणि खालचे सूर घुमायला लागतात.

तालमीची शिस्तही लागते. न्यूयॉर्कचा ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ पासून कंडक्टरशिवाय चालतो. त्यांच्याकडे प्रत्येक रचनेसाठी मोजक्या वादकांचा एक गाभा ठरतो, तो आधी बसून लय, उठाव, बोइंग (गज कुठे वर, कुठे खाली) यांचा आराखडा करतो आणि मग सगळ्यांची तालीम होते. गाभा रचनेगणिक बदलतो, कॉन्सर्टमास्टरही बदलतो. पूर्ण तालमीत प्रत्येक विभागातून एकानेच बोलायचं आणि मतभेद झाला तर दोन्ही पर्याय वाजवून बघायचे. तोंडी वाद पाच मिनिटं खातो, दोन्ही पर्याय वाजवायला दीड मिनिट पुरतं. आणि दर तालमीत एकाने वाद्य खाली ठेवून स्कोर घेऊन सभागृहाच्या मध्यावर बसायचं. व्यासपीठावर समतोल कळतच नाही.

याची किंमतही आहे. सारखी माप बदलणारी नवी रचना असेल तर कंडक्टरशिवाय तालमीचे तास झपाट्याने वाढतात. अशा वेळी कंडक्टर बोलावणं हाच शहाणपणा, आणि एसपीसीओही बोलावतो.

---

चौथी_तार:

उठाव, खूप आभार. ‘लयीचा मालक’ लिहून ठेवायची पद्धत आमच्याकडे अजिबात नाही.

एक उपप्रश्न. आमच्याकडे लय कशीबशी जुळते, पण सी मेजरच्या शेवटच्या कॉर्डला (एकत्र वाजणाऱ्या सी, ई, जी सुरांना) दर वेळी सूर खटकतो. प्रत्येकाचा ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो, तरीही. आणि दोन चेलो एकत्र वाजले की एकापेक्षा वाईट वाटतात. हे कशामुळे?

---

खर्ज:

ट्यूनर हिरवा दाखवतो हाच त्यातला धोका आहे.

ट्यूनर समान अंतराच्या सप्तकाने मोजतो. त्यात मेजर थर्ड, म्हणजे आपला शुद्ध गंधार, ४०० सेंटचा (सप्तकाचे १२०० सेंट). तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो ३८६ सेंटचा, १४ सेंटनी खाली. संथ, लांब कॉर्डमध्ये कान तोच मागतो. त्यामुळे सी मेजर कॉर्डमधला ई ज्याच्याकडे असेल त्याने तो ट्यूनरपेक्षा खाली घ्यायला हवा.

आता तारांचा घोळ. ए ४४० ला लावून चेलोवाल्याने खाली डी, जी, सी हे पंचम अगदी शुद्ध लावले (प्रत्येकी ७०२ सेंट), तर त्याचा सी ट्यूनरच्या सीपेक्षा ६ सेंट खाली जातो. व्हायोलिनवाल्याने त्याच ए वरून ई शुद्ध पंचमाने लावला तर तो २ सेंट वर जातो. आता चेलोचा मोकळा सी आणि व्हायोलिनचा मोकळा ई यांच्यातला गंधार ४०८ सेंटचा झाला. शुद्ध गंधारापेक्षा २२ सेंट वर. इतकं अंतर कुणालाही खटकेल, आणि यात चुकीचं कुणीच लावलेलं नाही.

चांगले चेंबर गट त्यावर असं करतात:

ओबो असेल तर ओबोकडून, नसेल तर कॉन्सर्टमास्टरकडून ए घ्यायचा. चेलो आणि व्हायोलांनी पंचम किंचित आखूड ठेवायचे, म्हणजे सी तार ४ ते ६ सेंट वर येते. मग चेलोचा सी, व्हायोलाचा सी आणि व्हायोलिनचा जी एकत्र वाजवून तपासायचे. आणि सी मेजरच्या शेवटच्या कॉर्डमध्ये व्हायोलिनने मोकळी ई तार वापरायचीच नाही, ए तारेवर चौथ्या बोटाने ई घ्यायचा. मोकळी तार खाली आणता येत नाही, बोट आणता येतं.

कॉर्ड बसवताना आधी फक्त सी, मग त्यात जी, आणि ई सगळ्यात शेवटी. ई बेताने वाजवायचा, तो आपसूक ऐकू येतो.

दोन चेलोंचं म्हणाल तर, एका सुरावर दोनच वाद्यं ही सगळ्यात अवघड संख्या. दोघांत ३-४ सेंटचा फरक पडला की कंप स्वच्छ ऐकू येतो आणि लपायला जागा नसते. एक असेल तर प्रश्न नाही, तीन-चार असतील तर फरक मिसळून आवाजाला रुंदी येते. तुमचा तिसरा प्रश्न इथेच येतो. निम्मी माणसं कमी करून चेंबर ऑर्केस्ट्रा होत नाही. मोठ्या ऑर्केस्ट्रात १६ पहिली व्हायोलिन असतात आणि त्यांचा सूर सरासरीने बनतो. ६ जणांत सरासरी नसते. प्रत्येकाचा व्हायब्रेटो (बोट हलवून सुराला दिलेलं आंदोलन), गजाचा वेग, गज तारेवर कुठे आहे हे सगळं जुळवावं लागतं. दोन चेलोंसाठी व्यवहारी उपाय: लांब सुरांवर दुसऱ्या चेलोने व्हायब्रेटो जवळजवळ बंद ठेवायचा आणि पहिल्यापेक्षा एक पायरी हळू वाजवायचं. डबल बास एक सप्तक खाली आहेच, त्याच्याशी दोघांनी जुळवायचं, एकमेकांशी नव्हे.

---

ट्विनसिटीकर:

आता पैसा.

चतकोर वादकांचा ऑर्केस्ट्रा चतकोर खर्चात चालत नाही. सभागृह, कार्यालय, जाहिरात, ग्रंथपाल, वाहतूक यांचा खर्च वादकांच्या प्रमाणात घटत नाही. शिवाय विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये मांडलेली अडचण आहेच: कारखान्यात एका तासात निघणारा माल वाढत जातो, पण हायडनची २५ मिनिटांची सिंफनी वाजवायला २५ मिनिटं आणि तेवढेच वादक लागतात. पगार बाकीच्या समाजाबरोबर वाढतात, उत्पादकता वाढत नाही. तूट कायमची. ती देणग्या, ठेवीचं व्याज आणि अनुदानातून भरायची.

हे गणित बिघडलं की काय होतं ते जुळ्या शहरांनी पाहिलं. एसपीसीओचा १९९३ मधला पेच वादकांनी पगारात तडजोड करून सुटला. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये करार संपल्यावर व्यवस्थापनाने टाळेबंदी केली, ती २०१३ च्या एप्रिलअखेरपर्यंत चालली. नदीपलीकडच्या मिनेसोटा ऑर्केस्ट्रातही तेव्हाच टाळेबंदी होती, ती तर २०१४ च्या जानेवारीपर्यंत लांबली. सेंट पॉलमध्ये तोडगा निघाला तेव्हा कायम जागा ३४ वरून २८ वर आल्या आणि पगार घटले. वयाने मोठ्या वादकांना निवृत्तीची योजना दिली, बरेच अनुभवी लोक गेले.

६ जागा कमी होणं कागदावर छोटं दिसतं. लाकडी सुषिरवाद्यांच्या चार जोड्या आणि दोन हॉर्न धरले तर १० झाले, २८ मधून उरले १८. तेवढ्यात तंतुवाद्यं, ट्रम्पेट, टिंपनी सगळं आलं. म्हणजे बीथोवनची पाचवी करायची तर ३ ट्रॉम्बोन, पिकोलो, काँट्राबासून बाहेरून आणायचे आणि तंतुवाद्यांतही भर घालायची. बाहेरचे वादक कितीही चांगले असले तरी उठावने सांगितलेली ती एकत्र श्वास घ्यायची सवय त्यांना त्या आठवड्यात लावावी लागते. कंडक्टर नसलेल्या संस्थेला याची झळ जास्त बसते.

दोन निर्णय मला मनापासून पटतात. एक, तिकीट मुद्दाम स्वस्त ठेवलं. सिनेमाच्या तिकिटाइतक्या मासिक वर्गणीत हव्या तितक्या मैफली ऐकता येतात, मुलं आणि विद्यार्थी मोफत. हिशोब सरळ आहे: तिकिटातून खर्चाचा छोटाच हिस्सा निघतो, रिकाम्या खुर्चीतून काहीच निघत नाही, आणि वारंवार येणारा माणूसच पुढे देणगीदार होतो. दोन, ऑर्केस्ट्रा उपनगरांत जातो. एकच कार्यक्रम ऑर्डवेत, मिनीॲपोलिसच्या टेड मान सभागृहात, ईडन प्रेरीच्या वुडेल चर्चमध्ये किंवा माहटोमेडीच्या चर्चमध्ये असा फिरतो. यात वादकांचा कस लागतो. चर्चमध्ये आवाज बराच वेळ रेंगाळतो, तिथे जलद भाग थोडा आवरून, सूर आखूड करून वाजवावा लागतो आणि टिंपनीला कडक काठ्या लागतात, नाहीतर नुसता गडगडाट. दुसऱ्या दिवशी कोरड्या सभागृहात हे सगळं उलट.

सभागृहाचं अजून एक. ऑर्डवेचं जुनं सभागृह १,९०० खुर्च्यांचं, नाटक-ऑपेराला धार्जिणं. ३० वादकांचा आवाज तिथे मागच्या रांगेपर्यंत पोहोचतो, पण अंगावर येत नाही. शिवाय ऑपेरा, मैफली भरवणारा शुबर्ट क्लब, बाहेरची संगीतनाट्यं या सगळ्यांना त्याच तारखा हव्या असायच्या. २०१५ मध्ये शेजारच्या छोट्या नाट्यगृहाच्या जागी १,१०० खुर्च्यांचं खास संगीताचं सभागृह उघडलं. लाकडी दांड्यांचं लहरदार छत, वर ध्वनीसाठी मोकळी जागा, व्यासपीठाच्या मागेही प्रेक्षक. या आकाराचा ऑर्केस्ट्रा तिथे खऱ्या अर्थाने ऐकू येतो.

---

बी४:

ग्रंथपालाच्या कामाकडे छोटे गट दुर्लक्ष करतात आणि तालमीचे तास घालवतात, म्हणून थोडं त्याविषयी.

बोइंग तालमीत ठरवू नका. क्रम असा: पहिल्या व्हायोलिनचा प्रमुख आपल्या पार्टवर गजाच्या खुणा करतो. तो पार्ट दुसरी व्हायोलिन, व्हायोला, चेलो, बास यांच्या प्रमुखांकडे जातो, ते आपापल्या ओळी त्याला जुळवतात. मग प्रत्येक स्टँडच्या पार्टवर त्या हाताने उतरवायच्या. हे पहिल्या तालमीच्या तीन आठवडे आधी संपलेलं हवं. खुणा मऊ पेन्सिलीने, २बी चांगली. पेन कधीच नाही. भाड्याने आणलेले पार्ट परत देताना खोडावे लागतात.

एका स्टँडवर दोघे असतात तेव्हा आतल्या बाजूचा पान उलटतो. विभागून वाजवायचं असेल तर बाहेरचा वरची ओळ घेतो, आतला खालची. तुमच्या ३ व्हायोलांत तिसऱ्याचा स्टँड एकट्याचा. त्याच्या पार्टमध्ये पान उलटायची जागा विरामावर येते की नाही ते आधी बघा, नाहीतर त्याचे दोन-तीन सूर दर वेळी गळणार.

कागद: छापील ऑर्केस्ट्रा पार्ट साधारण २५ बाय ३३ सेंमीचा असतो. आयएमएसएलपी या फुकट संगीतलिपींच्या संकेतस्थळावरून उतरवलेला तोच पार्ट ए४ वर छापला की पाच ओळींची उंची कमी होते आणि स्टँडवरच्या दोघांना वाचता येत नाही. ओळींच्या संचाची उंची ७ ते ८ मिमी हवी. बी४ कागद (२५ बाय ३५.३ सेंमी) बरोबर बसतो, मिळाला नाही तर ए३ कापून घ्या. कागद १०० ग्रॅमच्या वरचा घ्या, ७० ग्रॅमचा पंख्याखाली उडतो आणि मागची छपाई दिसते.

हक्कांचं: आपल्याकडे संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. मोझार्ट, चायकोव्हस्की, ग्रीग, एल्गार मोकळे आहेत. कोपलंड १९९० मध्ये गेले, त्यामुळे ‘ॲपलाचियन स्प्रिंग’ला परवानगी आणि प्रकाशकाकडून भाड्याचे पार्ट, दोन्ही लागतील.

---

वांद्र्याचा_व्हायोला:

हवामानावर दोन ओळी. मिनेसोटात हिवाळ्यात बाहेर उणे २० आणि आत हीटर, त्यामुळे घरातली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते. लाकूड आकसतं, व्हायोलिनचं वरचं पान चिरतं, खुंट्या सटकतात, ओबो तडकतो. तिथे वाद्याच्या पेटीत ओलावा देणारी नळी ठेवतात आणि ४० ते ५० टक्के राखायचा प्रयत्न करतात. आपल्याकडे नेमकं उलटं. पावसाळ्यात ८५-९० टक्के, लाकूड फुगतं, प्राणिज सरस मऊ पडतो आणि कडेचे सांधे सुटतात. वाद्य अचानक खरखरायला लागलं तर आधी कडेने बोटाच्या पेराने हलकं ठोकत जा, सुटलेल्या जागी आवाज पोकळ येतो. सांधा सुटला हे एका अर्थी बरंच, तो सुटला नसता तर पान चिरलं असतं. दुरुस्ती सरसानेच करवून घ्या, फेव्हिकॉल किंवा झटपट चिकटवणारं काहीही लावू देऊ नका. पेटीत सिलिका जेलची पुडी, आणि वातानुकूलित सभागृहात कार्यक्रमाआधी किमान ४५ मिनिटं वाद्यं उघडून ठेवा.

सेंट पॉलकडे बघताना जवळचंही बघा. मुंबईत बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा १९६२ पासून आहे, तिथल्याच एनसीपीए या कलाकेंद्राचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये सुरू झाला. त्याआधी हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओंत गोव्याच्या वादकांनी आणि अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या अरेंजरांनी समोर ठेवलेला पार्ट लगेच वाचून एकसंध वाजवण्याची जबरदस्त परंपरा घडवली. गोन्साल्विस यांनी तर १९५८ मध्ये इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. पार्ट वाचनात तुमचं कुठे अडत असेल तर मदत करू शकणारे लोक मुंबई-गोव्यात आजही भेटतात.

---

चौथी_तार:

सगळ्यांचे मनापासून आभार, हा धागा छापून गटात वाटणार आहे. शेवटचं: पहिल्या कार्यक्रमासाठी आमच्यात तीन नावं आहेत. चायकोव्हस्कीचा सेरेनेड, बाखचा तिसरा ब्रँडेनबुर्ग आणि मोझार्टचं के. १३६. कुठून सुरुवात करावी?

---

उठाव:

के. १३६ ने. चायकोव्हस्की सध्या नको. त्यात विभाग पुन्हा विभागले जातात. ४ व्हायोलिनचे दोन-दोन झाले की खर्जने सांगितलेली दोघांची अडचण सगळीकडे उभी राहते, आणि त्या संगीताला लागणारा भरीव आवाज १४ जणांतून निघत नाही. ब्रँडेनबुर्गला ३ व्हायोलिन, ३ व्हायोला, ३ चेलो, बास आणि हार्प्सिकॉर्ड लागतो. तुमच्याकडे चेलो दोनच आहेत. एक चेलो आणि हार्प्सिकॉर्डवादक मिळाला तर तो दुसऱ्या कार्यक्रमात घ्या, प्रत्येकाची ओळ वेगळी असल्याने शिकायला उत्तम.

के. १३६ मोझार्टने १७७२ मध्ये लिहिलं. डी मेजर, तीन भाग, चारच ओळी, विभागणी नाही. डी आणि ए या मोकळ्या तारा मदतीला आहेत. कंडक्टरशिवाय शिकायला याहून सोयीचं फारसं काही नाही. पहिल्या ॲलेग्रोत (जलद भागात) पहिल्या व्हायोलिनकडे धून आणि सोळाव्या स्वरांच्या धावा आहेत, खाली सतत आठवे स्वर. म्हणजे लयीचे मालक खालचे.

पहिली तालीम अशी करा. पहिल्या व्हायोलिनना गप्प बसवून बाकीच्या १० जणांनी पूर्ण ॲलेग्रो वाजवायचा. गजाच्या मधल्या भागात, तारेवरून किंचित उचलून, सगळ्यांनी सारख्याच लांबीचा गज वापरून. १० जण मेट्रोनोमशिवाय स्थिर राहिले की दोन पहिली व्हायोलिन घ्या, मग चारही. धावा पुढे पळतात त्या बहुतेक पहिल्या व्हायोलिनच्या डाव्या हातामुळे. तेव्हा त्यांनी सोळाव्या स्वरांच्या प्रत्येक चौकडीतला पहिला स्वर फक्त वाजवून बघायचा आणि तो खालच्या आठव्या स्वरांवर बसवायचा. लय ठरवताना सुरुवातीच्या मापांवरून ठरवू नका, सगळ्यात अवघड धावेवरून ठरवा.

बसताना पहिली व्हायोलिन डावीकडे, दुसरी उजवीकडे समोरासमोर, मध्ये डावीकडे चेलो आणि उजवीकडे व्हायोला. बास एकच आहे, त्याला चेलोंच्या लगेच मागे उभा करा, दीड मीटरपेक्षा लांब नाही, आणि अशा कोनात की त्याला कॉन्सर्टमास्टरचा उजवा हात दिसेल. दुसऱ्या व्हायोलिनचा आवाज या रचनेत मागच्या बाजूला जातो, म्हणून त्यांच्या खुर्च्या १०-१५ अंश आत वळवा आणि पियानो (म्हणजे हळू आवाजात) लिहिलं असेल तिथे त्यांना मेझोपियानो (त्याहून जरा मोठ्याने) वाजवू द्या.

मोबाइल आठव्या-दहाव्या रांगेत ठेवून मुद्रण करा. व्यासपीठाजवळ ठेवला तर फक्त पहिल्या स्टँडचं ऐकू येतं.